मावशीची उन्हाळी वाट

उभा जन्म मोटारी चालवण्यात गेला, म्हणून अधिकारानं सांगतो. पुण्या-मुंबईच्या सडकेवर मोटार कुणीही चालवील. खेड्यात मोटार नेणं हे निराळं काम आहे आणि ते फार थोड्यांना येतं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या दिवसांत लोणावळ्याला उन्हाळ्यात मुंबईची मंडळी बंगल्यांवर राहायला येत. चला, आज नदीवर जेवायला जाऊ, असं एकदा त्यांच्या मनात आलं की समोर पाणंद आहे, कुणाचं शेत आहे का खळं आहे, हे बघायची सोय नाही. समोरून बैलगाडी आली की मागून हुकूम यायचा, भोंगा वाजव. अरे बाबा, भोंगा वाजला की बैल बुजतात, बैल बुजले की गाडी बांधावरून खाली जाते, आणि गाडीत बायामाणसं बसलेली असतात. अशा वेळी मोटार कडेला घ्यावी, इंजिन बंद करावं आणि गाडी निघून जाईपर्यंत आपलं तोंडही बंद ठेवावं. वाटेत कुणी बाभळीची काटी आडवी टाकलेली असेल तर उतरून बाजूला करावी आणि पुढं गेल्यावर परत उतरून होती तशी लावावी. एवढं साधं आहे. पण हे सांगितलं की म्हणत, ड्रायव्हर फार शहाणा दिसतो.

एकदा एका पाहुण्यानं मला राबावर मोटार वळवायला सांगितली होती. भाताचं रोप तयार करायला पालापाचोळा नि शेण पसरून जमीन भाजतात, तो राब. त्याला ती नुसती जळकी रिकामी जागा वाटली. त्या राखेवर एखाद्या घरचं वर्षभराचं भात अवलंबून असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी वळवली नाही. मागच्या मागं सबंध पाणंदभर मोटार उलटी आणली, मान आखडली, पण दुसऱ्याच्या शेतात विचारल्याशिवाय चाक घातलं नाही. तो माझा नेम होता. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलोय, मला दुसरं सुचणारच नाही.

वाढलो ते मावशीच्या घरात. नाणे मावळात नदीकाठी तिचं गाव. माझी आई मी लहान असताना गेली आणि मावशीनं मला आपल्याकडं आणलं. मावशीचे यजमानही लवकर गेले. तिला मूल नव्हतं. तिच्यापाशी एक बैल, एक घर आणि नदीकडच्या अंगाला एक मोठं भातखाचर, एवढाच संसार. त्या एका खाचराच्या आंबेमोहरावर तिचं वर्ष निघायचं. मी पुढं लोणावळ्याला आलो, मोटार शिकलो, लग्न झालं, आणि मुंबईच्या एका शेटकडं ड्रायव्हर म्हणून लागलो. बंगल्याच्या मागं एक खोली मिळाली. बायको आणि तान्ही मुलगी घेऊन मी त्या खोलीत राहात होतो. माझ्या मते माझं बरं चाललं होतं.

आता आमच्याकडच्या वाटांचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मावळात वाटा दोन तऱ्हेच्या, बारमाही आणि उन्हाळी. भात निघालं की खाचरं रिकामी होतात. मग गाड्या लांबचा वळसा सोडून सरळ खाचरातून जायला लागतात, बांधाला दोन्हीकडं खिंडी पडतात, आणि ज्याचं खाचर तो काही म्हणत नाही, कारण तोही दुसऱ्याच्या खाचरातून जातच असतो. ही उन्हाळी वाट. मग रोहिणी नक्षत्र सरत आलं, मृग निघायला, म्हणजे लागायला झाला, की ज्याचं शेत त्यानं त्या वाटेवर नांगराचं एक आडवं तास मारायचं. एकच रेघ, या बांधापासून त्या बांधापर्यंत. वाटेवर कुणाची गाडी उभी असेल तर ती निघेपर्यंत थांबायचं. आणि गावाच्या पारापाशी जाऊन मोठ्यानं सांगायचं, वाट मोडली. झालं. तिथून पुढं भात निघेपर्यंत ती वाट नाही, शेत आहे. कुणी भांडत नसे, कुणी कागद करत नसे. मात्र मृग निघेपर्यंत वाट मोडली नाही आणि मृगात तिच्यावरून एकदा का चाक गेलं, की ती बारमाही झाली. मग ती कायमची, सगळ्यांची, आणि मालकाला परत मोडता येत नाही. मावशीच्या खाचरातून अशीच एक उन्हाळी वाट मधोमध जायची. ती बारमाही झाली असती तर बांधाच्या खिंडी कधीच बुजवता आल्या नसत्या, आणि ज्या खाचरात पाणी ठरत नाही त्यात भात होत नाही.

आणि नेमकी त्या खाचराच्या पलीकडची, नदीला लागून असलेली जागा आमच्या शेटनं घेतली. श्रावणात नदी फुगलेली असताना व्हरांड्यात बसून बघायची, अशी त्याला हौस. बंगल्याचं जोतं झालं, भिंती चढायला लागल्या. निम्म्या गावाला तिथं काम मिळालं. उन्हाळ्यात मीच त्याला त्या वाटेनं ने-आण करत होतो आणि त्यात काही वावगं नव्हतं. पण पावसाळ्यात काय, हा प्रश्न होता. वळशाची बारमाही वाट टेकडीच्या पायथ्यानं जायची, ओढ्यातून, दगडाधोंड्यांतून. तिथं बैलगाडी जायची, मोटार जाणं शक्य नव्हतं. शेटचे एक दिवाणजी होते, आमच्याच तालुक्यातले. त्यांनी त्याला वाट मोडायचा सगळा रिवाज समजावून सांगितला. दुसऱ्या आठवड्यात मावशीच्या खाचरातल्या वाटेवर मुरूम पडला.

रोहिणी लागल्या आणि शेटनं मला बोलावलं. उद्यापासून मोटार रोज त्या शेतात, वाटेच्या मधोमध उभी करायची, म्हणाला. सकाळी न्यायची, दिवस मावळला की आणायची, रात्री तसंही कुणी नांगर जुंपत नाही. मृग लागेपर्यंत. आणि मी आत बसून राहायचं. उभ्या मोटारीवर कोण नांगर घालणार? मी हात जोडून सांगितलं, साहेब, ते खाचर माझ्या मावशीचं आहे.

"ठाऊक आहे," शेट म्हणाला. "म्हणून तर तुला बसवतोय. तुझ्या अंगावर ती बैल घालणार नाही."

मी खोलीवर आलो. बायकोला सांगितलं. ती मुलीला थोपटत होती, ती थोपटतच राहिली. मी सोडून देतो म्हटलं तर दुसरा कोणी ड्रायव्हर आणून बसवणार, त्यानं मावशीचं काय भलं होणार होतं? आणि आम्ही तिघं कुठं जाणार होतो? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. संताप शेटवर, त्याहून जास्त त्या दिवाणजींवर. आपल्याच मातीतला माणूस, आपलीच रीत परक्याला शिकवून आपल्याच माणसाच्या गळ्याला लावतो, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी मी मोटार खाचरात उभी केली आणि आत बसलो. ऊन वर आलं तशी मावशी आली. बैलाचं दावं हातात. तिनं मोटारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं बैल बांधावरच्या करंजाला बांधला आणि सावलीत बसून गावाकडच्या वाटेकडं बघायला लागली. ती कुणाची वाट बघत होती ते मला ठाऊक होतं. तिच्याकडं एकच बैल, शेजारच्या भाऊंकडंही एकच. दोघांची वारंगुळ्याची जोडी होती, म्हणजे दोन घरचे दोन बैल एका जुवाला, आज तुझं शेत, उद्या माझं. नांगरही भाऊच धरायचे, कारण आमच्याकडं बाईमाणूस नांगराला हात लावत नाही. बाईनं नांगर धरला तर पाऊस पळतो, असं समजतात. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

भाऊ आले नाहीत. दुपारी मावशीनं बांधावरून माझ्यासाठी भाकरी आणि कांदा आणला, मोटारीच्या पायरीवर ठेवला आणि सांगितलं, भाऊंचा बैल लंगडतोय म्हणे. भाऊंची दोन्ही मुलं शेटच्या बंगल्यावर दगड फोडायला जात होती. दुसऱ्या दिवशीही बैल लंगडतच होता. मग मावशी गावात घरोघर फिरली. कुणाच्या बैलाचा खांदा सुजला होता, कुणाच्या खुरात काटा गेला होता, कुणाचा बैल पाहुण्यांच्या गावी गेला होता. गावातले सगळे बैल एकाच आठवड्यात आजारी पडले. मी गावकऱ्यांना दोष देत नाही. ज्याची चूल ज्याच्या हातात तो त्याला भितो. मी तरी काय वेगळं करत होतो? मोटारीत बसूनच होतो की.

असे दिवस गेले. रोज सकाळी मी मोटार आणायचो, ती बैल आणायची. ती बांधावर, मी मोटारीत, आणि दोघं आकाशाकडं बघायचो. नैर्ऋत्येला ढग धरत होते, दुपारी घाटाकडून गार वारा यायचा. एरवी अशा वाऱ्यानं मावळातला माणूस सुखावतो. माझा मात्र जीव टांगणीला लागायचा. दिवाणजी अधूनमधून येऊन बघून जायचे, मोटार जागेवर आहे ना, ड्रायव्हर आत आहे ना. एकदा मला म्हणाले, कंटाळला असशील. मी म्हटलं, नाही. आणखी तोंड उघडलं असतं तर माझ्या तोंडून काय निघालं असतं, देव जाणे.

रोहिणीचा शेवटचा दिवस उजाडला. आदल्या रात्री वळीव येऊन गेला होता, माती वरून मऊ झाली होती. दिवाणजी सकाळीच डोकावले आणि चुना आणायला कामशेतला गेले. जाताना म्हणाले, आज शेवटचा दिवस, उद्यापासून तू मोकळा. मावशी आली ती आज बैल घेऊन नव्हे. तिच्या खांद्यावर नांगर होता. त्या वयात एवढा लाकडी नांगर तिनं घरापासून वाहून आणला होता. मी धावत जाऊन तो उतरवून घेतला. तिचा श्वास लागला होता. ती खाली बसली, घाम पुसला, आणि मोटारीकडं टक लावून बघत राहिली.

"ही वढंल का रं?" तिनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा आधी गावाकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मी तिला सांगायला लागलो, मावशी, दुसऱ्याची मोटार आहे. नांगर अडकला, दांडा तुटला, चाक रुतलं तर मी कुठं तोंड लपवू? शेट पोलिसात देईल. नोकरी जाईल, खोली जाईल, पोर लहान आहे. मी बरंच काही बोललो, थांबतच नव्हतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. व्हय, म्हणाली, खरं हाय तुजं. आणि उठून नांगर परत उचलायला लागली. एका शब्दानं तिनं मला आग्रह केला नाही. तिनं आग्रह केला असता तर मी नाहीच म्हणालो असतो, मला माझा स्वभाव ठाऊक आहे. पण ती वाकली, आणि तिला नांगर उचलवेना. एकदा उचलला, परत खाली ठेवला. माझं डोकं सणकलं. तिच्यावर नाही, कुणावर ते सांगता येणार नाही. सगळ्या जगावर.

मी म्हटलं, ठेव तो खाली. मोटारीत दोर होता, चिखलातून ओढायला नेहमी ठेवायचो. पण नांगर कोण धरणार? मी चाकावर, दुसरं माणूस नाही. मी तिच्याकडं बघितलं आणि बोलायची हिंमत होईना. पाऊस पळतो ती गोष्ट माझ्याही डोक्यात लहानपणापासून बसलेली.

मावशीनंच ते सोडवलं. पदर खोचला आणि म्हणाली, "बैलाच्या मागं बाईनं नांगर धरू न्हाई म्हंत्यात. मोटारीच्या मागं धरू न्हाई, असं कुनी म्हनलंय का?"

तिनं मोटारीतल्या कुदळीनं वाटेवरचा मुरूम एका पट्टीपुरता ओढून काढला. मी मोटार वाटेवरून काढून बांधाच्या कडेला नेली आणि तोंड पलीकडच्या बांधाकडं केलं. शेतात चाक घालण्याआधी नेहमीच्या सवयीनं उतरून विचारलं, नेऊ का? ती म्हणाली, ने. दोर मागच्या आसाला बांधला, दुसरं टोक नांगराच्या दांडीला. ती रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, धरून उभी राहिली, दोन्ही हातांनी दाबून. मी हँडल मारलं, आत बसलो, पहिला गिअर टाकला आणि क्लच इतका सावकाश सोडला की पायाला कंप सुटला. दोर ताणला. मोटार जागच्या जागी थरथरली आणि इंजिन बंद पडलं. परत उतरलो, परत हँडल. हाताला फोड आला तोही कळला नाही. कान गावाकडं लागलेले, दिवाणजींची सायकल वाजतेय का म्हणून. परत गिअर, परत क्लच, आणि या खेपेला मोटार मुंगीच्या पावलानं निघाली. मागं बघायची छाती होत नव्हती आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. मावशी वाकून चालत होती, पाय घसरत होते, फाळ मातीत होता आणि माती दोन्ही बाजूंना उलटी पडत होती.

वाटेवर आलो तिथं जमीन गाड्यांनी तुडवून दगड झालेली. दोर करकरला. मागचं चाक जागेवर फिरलं, चिखलाचा फवारा उडाला, मला वाटलं संपलं सगळं, आता ही मोटार इथून निघत नाही. मी गिअर सोडला नाही. ओठातल्या ओठात काय काय पुटपुटत होतो, देवाचं नाव होतं का शिव्या होत्या, आठवत नाही. चाकानं धरलं. नांगरानं एक हिसका दिला आणि कडक माती फुटल्याचा आवाज मी इंजिनाच्या आवाजातही ऐकला. नांगर पलीकडच्या बांधाला टेकला तेव्हा थांबलो.

मावशी खाली बसली होती. हाताची सालटी निघालेली, लुगडं चिखलानं भरलेलं. तासाकडं बघत होती. सरळ नव्हतं ते, मध्येच वाकडं गेलं होतं, पण या बांधापासून त्या बांधापर्यंत होतं. मला म्हणाली, जा आता, मोटार धू. आणि उठून तशीच पाराकडं चालायला लागली. तिनं पारावर उभं राहून तीनदा ओरडून सांगितलं, वाट मोडली. लोकांनी ऐकलं. कुणी काही विचारलं नाही.

मी मोटार ओढ्यात धुतली, पण आसाला दोर घासल्याची खूण होती आणि मागचा पत्रा वाकला होता. शेटला मीच सांगितलं. लपवून काय उपयोग होता? तो आधी हसला, त्याला ते खरंच वाटेना. मग मोटारीच्या मागं जाऊन आला, आणि त्याच संध्याकाळी आम्ही खोली रिकामी केली. पोलिसात देईन म्हणाला. बायको, मुलगी, दोन ट्रंका घेऊन मी मावशीच्या दारात आलो. तिनं आत जागा करून दिली.

पण गोष्ट मिटली नव्हती. मृग निघाला, आणि शेटनं नव्या ड्रायव्हरला घेऊन मोटार त्या तासावरून मुद्दाम एकदा नेली, एकदा आणली. मग पाऊस लागला. आता सगळ्यांचे बैल बरे झाले होते. भाऊ आपणहून आले, मान खाली घालून मावशीचं सगळं खाचर नांगरून दिलं, बांधाच्या खिंडी बुजवल्या. लावणीआधी पाण्यात चिखल करतात, ती चिखलणी झाली. आणि शेटनं तालुक्याला अर्ज केला की बारमाही वाट बाईनं बळजबरीनं बंद केली आहे. मृग निघायच्या आधी वाट मोडलीच नव्हती, मृगात आमचं चाक तिच्यावरून गेलं आहे, हे त्याचं म्हणणं. आणि ते एक तास तर चिखलणीत केव्हाच जिरून गेलं होतं. दाखवायला काही उरलं नव्हतं.

मामलेदार जागेवर पाहणीला येणार असं कळलं. मावशी मला म्हणाली, तू तितं तोंड उघडू नको, सरकारी मानसाम्होरं मोटारीचं बोललास तर तुला आत टाकतील, पोरीला कोन बगंल. मी म्हटलं, आणि खाचर? ती म्हणाली, खाचराचं मी बगीन. कसं बघणार होती, तिलाच ठाऊक नव्हतं. त्या रात्री दोघंही जागे होतो आणि दोघंही झोपल्याचं सोंग करत होतो.

ऐन लावणीचे दिवस. रोपांच्या मुठी बांधावर मांडलेल्या, बायका खाचरात उतरायच्या थांबलेल्या, पाऊस झिमझिमत होता. मामलेदार छत्री धरून बांधावर उभे राहिले. सोबत कारकून, शेट, त्याचा पुण्याचा वकील, दिवाणजी. गाव लांब उभं. वकिलानं एकेकाला पुढं बोलावलं आणि एकच विचारलं, रोहिणीत तुमचा बैल या बाईला दिला होता का? सगळ्यांनी खरं तेच सांगितलं, नाही. भाऊंनीही सांगितलं, नाही, आणि मावशीकडं न बघता मागं सरकले. बाईकडं स्वतःचे बैल किती? एक. एका बैलानं नांगर चालतो का? नाही. नांगर धरायला कोण होतं? कोणी नाही. मग वाट मोडली कशानं, वकील म्हणाला, आणि हसला. पारावर नुसतं ओरडलं म्हणजे वाट मोडत नाही. मामलेदारांनी मान हलवली. कारकून लिहीत होता. मावशीचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं माझ्याकडं बघून डोळ्यानंच सांगितलं, गप.

मी पुढं झालो. मी म्हटलं, साहेब, वाट मी मोडली. मोटारीला नांगर जुंपून.

वकील मोठ्यानं हसला. साहेब, हा त्या बाईचा भाचा, शेटनी कामावरून काढलेला, त्याचा राग काढतोय. मोटारीनं कुणी शेत नांगरलेलं ऐकलंय का तुम्ही? गावातलेही काही हसले. मामलेदार हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मग वकिलाला सोडून सरळ शेटकडं वळले.

"याला कामावरून कशासाठी काढलंत?"

वकील घाईनं म्हणाला, बेपर्वाई. मामलेदार म्हणाले, मी त्यांना विचारतोय. शेटचा चेहरा लाल होत चालला होता. इतके दिवस तो राग त्याच्या पोटात साठलेला, आणि मी समोर उभा.

"माझ्या मोटारीला नांगर बांधला यानं!" तो ओरडला. "माझ्या मोटारीनं या म्हातारीचं शेत नांगरलं!"

"कधी?" मामलेदारांनी विचारलं.

"मृगाच्या आदल्या दिवशी," शेट म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला.

वकिलानं छत्री खांद्यावरून खाली घेतली. मामलेदारांनी कारकुनाला सांगितलं, लिहा, अर्जदाराच्या तोंडून, मृगाच्या आदल्या दिवशी वाट मोडली. मोटारीच्या नुकसानीचं त्यांना काय करायचं ते त्यांनी वेगळं करावं. एवढं बोलून ते बांधावरून सांभाळत सडकेकडं चालायला लागले, आणि बाकीचे त्यांच्यामागं.

मी तिथंच उभा होतो. आता शेट मला सोडणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. नोकरी नाही, वर खटला. बायको बांधावर मुलीला घेऊन उभी होती, ती रडत होती. मावशीनं रोपांची एक मूठ उचलली, माझ्या हातात दिली आणि मला खाचरात, वाट जिथून जायची बरोबर तिथं, उतरवलं. पाणी पोटरीपर्यंत होतं. तेवढ्यात सडकेवर शेटच्या मोटारीचा भोंगा वाजला आणि मी दचकून वर बघितलं.

"खाली बग," मावशी म्हणाली. "लाव."

मी वाकलो आणि रोप लावलं.